नऊ मालक आणि गयाबाई

माझं काम काय, हे माझ्या नवऱ्याला शेवटपर्यंत लोकांना नीट सांगता आलं नाही. कुणी विचारलं की ते म्हणायचे, “ती मालकांना बसवते.” ऐकणारा बुचकळ्यात पडायचा. कुठं बसवते, कशाला बसवते? मग हे हात झटकून म्हणायचे, “तिलाच विचारा. सापडली तर.”

सापडणं कठीण होतं, हे खरं. माझा दिवस स्कूटरवर जायचा. सकाळी छावणी, दुपारी चिकलठाणा, मधेच पैठण रस्त्यानं बिडकीन, आणि संध्याकाळी चर्चमध्ये मंडळीच्या प्रार्थनेला धापा टाकत हजर. एका जागी बसणं मला कधी जमलं नाही, आणि काम मिळालं ते दुसऱ्यांना एका जागी बसवण्याचं. नाताळ अंकासाठी अनुभव लिहा म्हणाले म्हणून लिहायला घेतलंय. एवढ्या चार ओळींत दोनदा उठून झालं.

या कामाआधी वीस वर्षं मी चिकलठाण्यातल्या एका कारखान्याच्या ऑफिसात होते. टायपिंगपासून सुरुवात केली आणि कामगारांच्या हजेरीपर्यंत पोचले. कारखाना दुसऱ्या राज्यात हलला, मी इथंच राहिले. पुण्यातल्या एका छोट्या ख्रिस्ती संस्थेला इथं माणूस हवा होता. शहराला तेव्हा आम्ही औरंगाबादच म्हणत होतो. ख्रिस्ती धंदेवाल्यांचे गट बांधायचे, म्हणाले. मी हो म्हणून बसले. काय करायचं ते नंतर कळलं.

ते असं. आठ-नऊ मालक घ्यायचे, एकाच धंद्यातले दोघं नकोत. महिन्यातून एक सकाळ सगळ्यांनी भेटायचं. एकानं मधल्या खुर्चीत बसून आपली अडचण सांगायची. बाकीच्यांनी पहिला पाऊण तास नुसते प्रश्न विचारायचे. सल्ला द्यायचा नाही, ‘मी तुमच्या जागी असतो तर’ म्हणायचं नाही. आणि बायबलचं वचन फेकायचं नाही. हा शेवटचा नियम पुण्याचा नव्हे, माझा. आपल्या लोकांना शास्त्र पाठ असतं. समोरचा रडकुंडीला आला की एक वचन त्याच्या तोंडावर मारायचं आणि आपण मोकळं व्हायचं, ही आपली जुनी खोड. सगळं झाल्यावर मधल्या खुर्चीतल्या माणसानं स्वतःच ठरवायचं, काय करणार आणि कधी करणार. गटातल्या एकानं आठवड्यानं त्याला फोन करून विचारायचं, “केलं का?” बस्स, एवढंच.

एवढ्यासाठी गट कशाला, असं बाहेरच्याला वाटेल. पण मालक लई एकटा असतो. कामगारांसमोर खचलेलं दिसून चालत नाही, घरच्यांना घाबरवायचं नसतं, आणि मंडळीत कुणाच्या कानावर घातलं तर उपासना सुटायच्या आत अख्ख्या आवाराला कळतं. म्हणून आमचा सगळ्यात मोठा नियम होता, ‘इथलं इथंच.’ तो मी प्रत्येकाकडून सही घेऊन कबूल करून घ्यायचे. एका पाळकसाहेबांनी एकदा मला थांबवून विचारलं, “आमचे अमके भाऊ तुमच्याकडं काय बोलतात?” मी म्हटलं, “साहेब, ते तुम्ही त्यांना विचारा.” ते वर्षभर माझ्याशी नीट बोलले नाहीत. मला त्याचा अभिमान होता. लिहून ठेवते, कारण पुढं हाच अभिमान मला नडला.

माणसं मिळवायला चपला झिजल्या. आपल्यात नर्स शोधायची तर एका गल्लीत चार सापडतात, मास्तर तर कुठंही. मालक सापडेना. जो सापडे तो आधी विचारी, “तुम्ही कोणत्या मंडळीच्या?” पाळकांना वाटे मी त्यांची मेंढरं पळवायला आलेय. मालकांना वाटे ऑर्डरी मिळतील. दोन्ही नाही म्हटल्यावर लोक चहा तेवढा पाजून वाटेला लावत. पहिल्या बैठकीला तीन जण आले, त्यांतला एक चुकून आला होता. तरी मी फिरत राहिले, आणि दीड वर्षात नऊ जण झाले. सगळ्यांची ओळख करून देत नाही, तिघांची देते.

पदमपुऱ्यात सालोमीबाईंचा शाळांचे गणवेश शिवायचा कारखाना होता, त्याच्याच वरच्या खोलीत आम्ही बसायचो. बिडकीनजवळ याकोबभाऊंची रोपवाटिका होती. बोलायला रांगडा, पण प्रश्न असा विचारायचा की माणसाचं पाणी व्हावं. तिसरे छावणीतले अंतोन बेकरीवाले. आजोबा गोव्याकडून आलेले, बोलणं मात्र अस्सल छावणीचं, निम्मं मराठी, निम्मं दखनी.

अंतोनना मधल्या खुर्चीची भीती वाटायची. बैठकीची सुरुवात प्रार्थनेनं व्हायची आणि त्यांची पाळी असली की प्रार्थना तेच धरायचे. राज्यकर्त्यांसाठी, रोग्यांसाठी, प्रवाशांसाठी, संपायचीच नाही. तिसऱ्या खेपेला सालोमीबाईंनी डोळे मिटलेल्या अवस्थेतच म्हटलं, “आमेन. भाऊ, देवाला सगळं माहीत आहे. आता आम्हाला सांगा.”

सगळे हसले. अंतोन हसले नाहीत. म्हणाले, “क्या बोलूं ताई. मी बेकरीत जातच नाही.”

“मग रोज घरातून निघता ते?”

“निघतो. बेकरीसमोर गाडी लावतो. आत पाय टाकवत नाही. मग स्टेशनवर जाऊन बाकावर बसतो. दुपारी घरी.”

“कवापासून?” याकोबभाऊंनी विचारलं.

अंतोननी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, “उस्ताद गेल्यापासून.” उस्ताद म्हणजे त्यांचा भट्टीवाला, वडिलांच्या काळापासूनचा. अंतोनना पाव भाजायला त्यानंच शिकवलेलं. तो गेला तेव्हा हे नातेवाइकांकडं लग्नाला गेले होते, मातीलाही पोचले नाहीत. सात महिने हा माणूस रोज सकाळी स्टेशनवर बसत होता आणि घरात, मंडळीत, कुणाला पत्ता नव्हता.

कुणी सल्ला दिला नाही. पुढच्या सोमवारी सालोमीबाई त्यांच्याबरोबर गेल्या, भट्टीपाशी उभ्या राहिल्या, पहिला घाणा निघेपर्यंत. दोघांनी तिथंच गरम पाव खाल्ला. त्यानंतर अंतोन रोज आत जायला लागले. मला वाटलं, जमलं. आपलं काम जमलं.

आता शांतवनभाऊंचं सांगते. आत्तापर्यंत टाळत होते.

शांतवन गटात सगळ्यात मऊ माणूस. मंडळीच्या गायकवर्गात पहिल्या रांगेत उभा राहणारा, कुणाला ‘अरे’ न म्हणणारा. पंधरा वर्षं दुसऱ्याच्या कारखान्यात प्रेस चालवून चिकलठाण्यात स्वतःची शेड टाकली होती. चार प्रेस मशिनी, मोठ्या कंपन्यांना लागणारे पत्र्याचे छोटे भाग बनवायचे. ही मशीन कशी असते ते सांगते. खाली साचा, त्यावर पत्र्याचा तुकडा ठेवायचा, वरून लोखंडी ठोकळा धाडकन खाली येतो आणि आकार निघतो. ठोकळ्याखाली हात राहू नये म्हणून दोन बाजूंना दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी दोन्ही बटणं दाबली तरच मशीन चालते. म्हणजे हात आपोआप बाहेर राहतात.

एका बैठकीत शांतवन मधल्या खुर्चीत बसले आणि म्हणाले, “बटणं काढलीत मी. पायडल लावलंय.”

ऑर्डर तातडीची होती. बटणांनी वेळ जातो. पायानं दाबलं की हात माल ठेवायला मोकळे राहतात, काम दीडपट होतं. सगळ्या छोट्या शेडींत करतात, म्हणाले. मग म्हणाले, “पण माझं मन खातंय.”

“तुम्ही स्वतः बसाल त्या मशीनवर?” अंतोननी विचारलं.

“बसलोय की. कित्येक वर्षं.”

“आता कोण बसतं?” सालोमीबाईंनी विचारलं.

“गयाबाई म्हणून आहे. हुशार आहे, हात चपळ आहे.”

“तिला ठावं हाय का, बटणं कशापायी असत्यात?” हे याकोबभाऊ.

शांतवन ऑर्डरीच्या तारखा सांगत बसले. पाऊण तास संपला तेव्हा ते म्हणाले, “ही ऑर्डर गेली की बटणं परत लावतो. महिनाअखेर.” मी ते वहीत लिहून घेतलं. आम्ही प्रार्थना केली. जिना उतरताना मला चक्क बरं वाटत होतं. माणसानं स्वतःहून कबूल केलं, स्वतःहून मुदत दिली. पुण्याला कळवण्यासारखी बैठक!

आठवड्यानं फोन करायचं काम सालोमीबाईंकडं होतं. त्यांनी केला. शांतवन म्हणाले, “लावतो.” मग सालोमीबाई तडक माझ्याकडं आल्या.

“मार्था, मला हे बरं दिसत नाही. आपण कुणाला तरी सांगू या. निदान त्या बाईला तरी.”

“इथलं इथंच, बाई. सही केलीय आपण.”

“नियम तुझा आहे की देवाचा?”

“हा नियम मोडला तर उद्या कोण तोंड उघडेल? अंतोन बोलले असते का?”

सालोमीबाई उठून गेल्या. मुद्दा माझा बिनतोड होता. आजही मला त्यात खोट काढता येत नाही, आणि तरी तो चूक होता.

त्या दिवसापासून माझं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. काम नसताना जालना रस्त्याला गाडी वळायची. वीस वर्षं माझ्या ऑफिसच्या भिंतीपलीकडं प्रेस चालत होते, मला तो आवाज कळतो. बटणांची मशीन दम घेत चालते. ठक्, मग थांबणं, मग ठक्. शांतवनच्या शेडबाहेर मी स्कूटर बंद करून उभी राहायचे आणि आतून आवाज यायचा ठक-ठक-ठक-ठक, मधे श्वास नाही. पायडलच होतं अजून. आत जायला पंचवीस पावलं. मी गेले नाही. एकदा फाटकापर्यंत गेले, शेंगा विकणारा बसला होता, शेंगा घेतल्या आणि परतले. घरी यांनी विचारलं, “चिकलठाण्याला शेंगांसाठी गेलीस?” मी म्हटलं, “काम होतं.” घरी सांगायचं नाही, हाही नियमच.

दोन आठवडे असे गेले. एका गुरुवारी भर दुपारी शांतवनचा फोन आला. “ताई, झालं.”

मला विचारायची गरज नव्हती.

गयाबाईंच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली होती. शांतवननी रिक्षात बसवून, त्यांचा हात आपल्या हातात वर धरून, दवाखान्यात नेलं होतं. मी पोचले तेव्हा ते बाहेरच्या बाकावर बसले होते. शर्टाची बाही कोपरापर्यंत लाल. मला पाहून म्हणाले, “चार दिवस राहिले होते. महिना संपायला चारच दिवस.”

चौकशीला निरीक्षक आले तेव्हा शांतवननी काही लपवलं नाही. शेजारच्या शेडवाल्यानं सांगून पाहिलं, बाईचं लक्ष नव्हतं म्हणा. शांतवन म्हणाले, “बटणं मी काढली.” पुढं खटला झाला, शिक्षा म्हणून जे व्हायचं ते झालं. चारही मशिनींना बटणं दुसऱ्याच दिवशी लागली होती. लावायला किती वेळ लागला, मी विचारलं. “तासभर,” ते म्हणाले.

त्याच आठवड्यात गटाची बैठक झाली. शांतवन आले नाहीत. एक जण म्हणाले, हे आपल्याला माहीत होतं, एवढं बाहेर जाता कामा नये, गट अडचणीत येईल. याकोबभाऊ उठून उभे राहिले. “गट? आरं, आपल्या नऊ जणास्नी म्हाईत व्हतं. नऊ जणास्नी! आन् आपण डोळं मिटून आमेन केलं.” कुणी त्यांच्याकडं बघेना. मी तर नाहीच.

दोन दिवसांनी मी मुकुंदवाडीत गयाबाईंच्या खोलीवर गेले. माहेर देवगाव रंगारीकडचं, मेंढरं राखणारं घर. नवरा इथं बांधकामावर. तिशीची बाई, हात फडक्यात बांधलेला, डाव्या हातानं तांदूळ निवडायचा प्रयत्न चालला होता. मी फळं ठेवली.

“तुमी मालकाच्या कोण?” त्यांनी विचारलं.

“त्यांची आमच्याकडं बैठक असते. धंदेवाल्यांची. धंद्यातल्या अडचणी बोलतात.”

“मग मशीनचं बोलले व्हते का?”

नाही म्हणता आलं असतं. सही होती, नियम होता, आणि त्यांना कधी कळलंही नसतं. मी म्हटलं, “हो. तीन आठवडे आधी.”

त्यांचा तांदळातला हात थांबला. “बटणं काढल्याचं?”

“हो.”

“किती जण व्हते तिथं?”

“नऊ मालक. आणि मी.”

त्या रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. नुसतं म्हणाल्या, “दहा जणांनी ऐकलं. आन् मशीनवर तर मी बसत व्हते.”

मी कशी बाहेर पडले, आठवत नाही. गाडी चालू करायला दोन-तीन किका माराव्या लागल्या.

मी पुण्याला पत्र लिहिलं. नियम बदलायला हवा. इथलं इथंच, पण ज्याच्या अंगावर बेतणार आहे त्याच्यापर्यंत ते गेलंच पाहिजे, मग बोलणाऱ्याला आवडो न आवडो. पुण्याहून सभ्य उत्तर आलं की गुप्ततेवरच सगळे गट उभे आहेत. मी राजीनामा दिला. गट आम्ही आमच्या आमच्यात चालू ठेवला. नव्या नियमामुळं दोन जण सोडून गेले. त्यांचं म्हणणं मला आजही पटतं, आता माणूस मोकळेपणी बोलणार नाही. खरंच, पुढच्या दोन बैठकींत मधली खुर्ची नुसती रिकामी राहिली.

शांतवन दोन महिन्यांनी परत आले. मधल्या खुर्चीत बसून म्हणाले, “मला काही विचारू नका. फक्त एक करा. गयाबाईंना एकदा इथं बोलवा. मी त्यांना विचारलंय. त्यांची तयारी आहे.”

त्यांच्याकडं कामाला परत यायला गयाबाईंनी नकार दिला होता. याकोबभाऊंनी रोपवाटिकेत बोलावलं तर म्हणाल्या, “बघू.” मालक माणसांची मेहरबानी घ्यायची नाही, असं त्यांच्या मनानं घेतलं असावं. पण बैठकीला मात्र आल्या, धुतलेलं लुगडं नेसून, नवऱ्याला बरोबर न घेता. सालोमीबाईंनी चहा दिला, तो तसाच ठेवला. मधल्या खुर्चीत बसायला सांगितलं तर म्हणाल्या, “मला काय अडचण सांगायची नाय. मी हुबी ऱ्हाते.”

आम्हाला वाटत होतं, त्या रागावतील. आम्ही तयारी करून बसलो होतो, खाली माना घालून. त्या रागावल्या नाहीत. एकेकाकडं बघून घेतलं आणि म्हणाल्या, “मालकानं बटणं काढली व्हती. तुमी काय काय काढून ठिवलंय?”

खालून शिलाई मशिनींचा आवाज येत होता. याकोबभाऊ पहिल्यांदा बोलले. “फवारणीला फडकी देतो बांधायला. मास्क आणलेत, पण कपाटात हायेत. गडी नगं म्हणत्यात म्हणून म्यापण सोडून दिलं.”

गयाबाईंनी मान हलवली, पुढच्याकडं पाहिलं. पुढं अंतोन होते. ते खुर्चीत चुळबुळले, खिशातला किल्ल्यांचा जुडगा चाचपला. “मागचं दार,” ते म्हणाले. “बेकरीचं मागचं दार. कुलूप असतं. माल बाहेर जातो म्हणून.”

“आत्ता हाय?”

अंतोननी घड्याळाकडं पाहिलं. “तीन आदमी आत आहेत. भट्टी चालू.”

अंतोन उठले, चष्मा टेबलावरच विसरून जिना उतरले, आणि खाली त्यांची गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. कुणी तरी म्हणालं, “बैठक संपल्यावर गेले असते तरी...” आणि वाक्य अर्ध्यावर सोडलं.

“मी थांबते,” गयाबाई म्हणाल्या. “येऊ द्या त्यांना.”

आम्ही थांबलो. प्रार्थना नाही, प्रश्न नाहीत. मी चार वेळा खिडकीपाशी जाऊन आले. शांतवन आपल्या दोन्ही तळहातांकडं बघत बसले होते. अर्ध्या तासानं जिन्यावर पावलं वाजली. अंतोन घामानं निथळत आत आले आणि हातातलं कुलूप गयाबाईंसमोर टेबलावर ठेवलं. मोठं पितळी कुलूप, तळहाताएवढं, भट्टीच्या धुरानं काळवंडलेलं, म्हणून त्यांनी ते रुमालात धरून आणलं होतं.

गयाबाईंनी ते डाव्या हातानं उचलून पाहिलं, बाजूला सारलं, आणि सालोमीबाईंकडं वळल्या.

“हां बाई. तुमचं काय?”